समाजाचा दूत : यहुदी प्रार्थनेंतील एक प्रथा

शनिवारीं सकाळीं एखाद्या यहुदी प्रार्थनामंदिरांत परका मनुष्य जाऊन बसला, तर दोन-अडीच तासांच्या अवधींत एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं. आरंभीं एक गृहस्थ पुढें उभा राहून स्तोत्रें म्हणत असतो. कांहीं वेळानें तो निमूटपणें आपल्या जागेवर येऊन बसतो आणि दुसरा कोणी उठून त्याच्या ठिकाणीं उभा राहतो. पुढें धर्मग्रंथाची गुंडाळी पेटींतून बाहेर निघते. तिचें वाचन तिसराच मनुष्य करतो. तें संपल्यावर चवथा कोणी शेवटची मोठी प्रार्थना चालवितो. या अदलाबदलीची कोणी घोषणा करीत नाहीं कीं जाणाऱ्याचे आभार मानण्यासाठीं कोणी भाषण करीत नाहीं. आवाज बदलतो, सूर बदलतो, पण प्रार्थना अखंड चालूं राहते.

हा बदल कां होतो, कोठें होतो आणि कोठें होऊं द्यावयाचा नाहीं, याचे नियम यहुदी शास्त्रकारांनीं फार प्राचीन काळापासून बारकाईनें घालून दिले आहेत. वरवर पाहणाऱ्याला ते कर्मकांडाचे किरकोळ नियम वाटतील. परंतु त्यांच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो किरकोळ नाहीं. अनेकांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार एकाला मिळतो तो कोणाकडून? आणि तो परत घेण्याची वेळ आली, तर त्या मनुष्याची मानखंडना न करतां तो कसा घ्यावा? या प्रश्नाला यहुदी समाजानें दिलेलें उत्तर आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

आपल्याकडे धर्मकृत्य म्हटलें कीं पुरोहित डोळ्यांपुढें येतो. यहुद्यांचेंहि एके काळीं तसेंच होतें. जेरुसलेमच्या मंदिरांत बलि अर्पण करण्याचा अधिकार ‘कोहेन’ या पुरोहित-कुळाचा असे व तो जन्मानेंच मिळे. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें तें मंदिर जाळलें आणि बलिदान कायमचें बंद पडलें. त्याची जागा प्रार्थनेनें घेतली. पण प्रार्थना चालविण्याचें काम मात्र पुरोहितांकडे गेलें नाहीं. परंपरागत नियमाप्रमाणें दहा प्रौढ पुरुष जमले कीं प्रार्थनेपुरता समाज सिद्ध होतो, आणि त्या दहांपैकीं ज्याला प्रार्थना नीट म्हणतां येते असा कोणीहि पुढें उभा राहूं शकतो. तो कोहेन असलाच पाहिजे असें नाहीं, किंवा मोठा पंडित असला पाहिजे असेंहि नाहीं. त्याला हिब्रू भाषेंत ‘शलीअह सिब्बूर’ म्हणतात. या शब्दांचा अर्थ समाजाचा दूत, किंवा आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर समाजाचा मुखत्यार. हें काम ज्याच्याकडे कायमचें सोंपविलेलें असतें त्याला ‘हज्जान’ म्हणतात.

मुखत्यार हा शब्द मीं सहज वापरलेला नाहीं. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेला ‘मिश्ना’ हा यहुद्यांचा सर्वांत जुना धर्मशास्त्रसंग्रह. मनुष्याचा मुखत्यार हा प्रत्यक्ष त्याच्या जागींच समजावा, हें व्यवहारांतलें तत्त्व मिश्नानें प्रार्थनेलाहि लावलें आहे. एकटा मनुष्य प्रार्थना करतांना चुकला, तर तें त्याच्यापुरतें वाईट चिन्ह. पण समाजाचा दूत चुकला, तर तें ज्यांनीं त्याला पाठविलें त्या सर्वांना वाईट चिन्ह, असें तेथें सांगितलें आहे.

याचा अर्थ समजण्यासाठीं जुनी परिस्थिति लक्षांत घेतली पाहिजे. छापील पुस्तकें नव्हतीं. पुष्कळांना लांबलचक हिब्रू प्रार्थना मुखोद्गत नसत. म्हणून ‘अमिदा’, म्हणजे उभ्यानें म्हणावयाची मुख्य प्रार्थना, प्रत्येकानें प्रथम मनांतल्या मनांत म्हणावी आणि नंतर दूतानें ती मोठ्यानें म्हणावी, असा प्रघात पडला. ज्याला ती येत नव्हती तो प्रत्येक चरणाच्या शेवटीं ‘आमेन’ म्हणे, आणि तेवढ्यानें त्याचें कर्तव्य पुरें होई. अशा अडाणी मनुष्याची सारी प्रार्थना त्या एका आवाजावर अवलंबून असे. दूतानें एखादा भाग गाळला, तर ती त्या गरीब मनुष्याच्या प्रार्थनेंतलीच उणीव ठरे. म्हणून पुढें कोण उभा आहे, आणि त्याच्या जागीं दुसरा कोठून आला, याची शास्त्रकारांनीं एवढी चिंता वाहिली.

आतां ही अदलाबदल कोठें होते तें पाहूं. यहुदी प्रार्थना ही एक सलग वस्तु दिसली, तरी तिला सांधे आहेत. सकाळच्या प्रार्थनेचा पहिला भाग स्तोत्रपाठाचा. तो मुख्य प्रार्थनेची तयारी म्हणून समजला जात असल्यामुळें त्याचे नियम सैल आहेत. पूर्वेकडील अनेक समाजांत तर हीं स्तोत्रें निरनिराळे लोक, कित्येकदां लहान मुलेंसुद्धां, आळीपाळीनें मोठ्यानें म्हणतात. त्यानंतर ‘शमा’ हें श्रद्धावचन व त्याच्या मागचीं-पुढचीं स्तवनें, आणि मग अमिदा, असा गाभा येतो. येथून मात्र दूताचा खरा अधिकार सुरू होतो. ‘कद्दिश’ नांवाचें ईश्वरस्तवन या भागांच्या मध्यें कुंपणासारखें उभें असतें. एक भाग संपला व दुसरा सुरू झाला, हें कद्दिशच्या शब्दांवरून ऐकणाऱ्याला कळतें.

मध्य व पूर्व युरोपांतून पसरलेल्या अश्कनाझी यहुद्यांमध्यें या पहिल्या सांध्याविषयीं एक मोठी मनोवेधक रूढि आहे. कामकाजाच्या दिवशीं मुख्य प्रार्थनेचा दूत ‘यिश्तब्बाह’ या समारोपाच्या स्तवनापासून आरंभ करतो. पण शब्बाथ, सण व महापर्वें या दिवशीं तो त्याच्या थोडें आधीं, एका ठराविक शब्दापासून सुरुवात करतो. आणि तो शब्द दिवसाप्रमाणें बदलतो. सणाच्या दिवशीं ईश्वराच्या सामर्थ्याचा उल्लेख जेथें येतो तेथून, नववर्षाच्या व प्रायश्चित्ताच्या दिवशीं ‘हामेलेख’, म्हणजे ‘राजा’, या शब्दापासून, आणि शब्बाथच्या दिवशीं ईश्वराच्या चिरंतन वास्तव्याचा उल्लेख येतो तेथून. हे तीनहि शब्द एकाच उताऱ्यांत, अगदीं हाताच्या अंतरावर आहेत. तेव्हां वेळेच्या दृष्टीनें या फरकाला कांहींच अर्थ नाहीं. पण नवा आवाज कोणत्या शब्दावर उठला, एवढ्यावरून आज कोणता दिवस आहे हें डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्यालाहि कळतें. नववर्षाच्या सकाळीं तर पुष्कळ ठिकाणीं दूत आपल्या जागेवरूनच तो ‘राजा’ शब्द लांब स्वरांत उच्चारतो आणि मग व्यासपीठाकडे चालूं लागतो.

दुसरा मोठा सांधा धर्मग्रंथाच्या वाचनानंतरचा. शब्बाथ व सण या दिवशीं ‘मुसाफ’ नांवाची जादा प्रार्थना असते आणि ती चालविण्यास बहुधा नवा मनुष्य येतो. ही प्रथा अलीकडची नव्हे. नववर्षाच्या दिवशीं मेंढ्याचें शिंग फुंकावयाचें असतें. त्याला ‘शोफार’ म्हणतात. त्याविषयीं मिश्नामध्यें असा नियम आहे कीं शिंग फुंकविण्याचें काम त्या दिवशींच्या दुसऱ्या दूताचें, आणि ज्या दिवशीं ‘हल्लेल’ हीं आनंदस्तोत्रें म्हणावयाचीं असतात त्या दिवशीं तीं म्हणविण्याचें काम पहिल्याचें. म्हणजे एका सकाळीं दोन दूत असणें ही गोष्ट अठराशें वर्षांपूर्वींच इतकी सर्वमान्य होती कीं ती समजावून सांगण्याची मिश्नाला गरज वाटली नाहीं. शुभकार्य सकाळीं लवकर करावें हा सामान्य नियम असतांना शिंग दुसऱ्याकडे कां, अशी शंका पुढें ‘तालमूद’मध्यें काढलेली आहे. उत्तर असें दिलें आहे कीं हा नियम राजसत्तेच्या जुलमाच्या काळांत झाला. सकाळीं शिंग फुंकण्याची सोय राहिली नाहीं, म्हणून तें पुढच्या प्रार्थनेंत गेलें. आणि संकट टळल्यावरहि तें तेथेंच राहिलें.

प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, हा तर एका दूताच्या शक्तीबाहेरचा असतो. सूर्यास्तापूर्वीं सुरू होणारा सुमारें पंचवीस तासांचा निर्जळ उपवास, आणि त्यांत पांच प्रार्थना. उभें राहून, तहानलेल्या गळ्यानें, तासन्‌तास म्हणत राहावयाचें. म्हणून प्रत्येक प्रार्थनेला निराळा दूत देण्याकडे कल असतो. आदल्या संध्याकाळीं ‘कोल निद्रे’ म्हणतांना दूताच्या दोन्ही बाजूंस दोन प्रतिष्ठित पुरुष धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या घेऊन उभे राहतात. जणुं तीन पंचांचें न्यायासन भरलें आहे. आणि मुसाफ सुरू होण्यापूर्वीं अश्कनाझी दूत एकट्यानेंच एक प्रार्थना म्हणतो. तिचा आशय असा कीं मी या कामाला अपात्र आहें, माझ्या दोषांसाठीं यांना दोष लागूं नये. ज्याला पुढें उभें केलें त्यानें पहिली कबुली द्यावयाची ती आपल्या अपात्रतेची.

येथवर सांगितली ती ठरलेली अदलाबदल झाली. पण प्रार्थना अर्ध्यावर असतांना दूताची जीभ अडखळली, पुढचे शब्द आठवेनात, किंवा त्याला घेरी आली, तर काय करावें? मिश्नाचें उत्तर स्पष्ट आहे. दुसऱ्यानें ताबडतोब त्याच्या जागीं जावें. आणि अशा वेळीं ज्याला बोलावलें त्यानें आढेवेढे घेऊं नयेत. त्यानें सुरुवात कोठून करावी? पहिला ज्या स्तवनांत चुकला त्याच स्तवनाच्या आरंभापासून. नंतरच्या शास्त्रकारांनीं याला पुस्ती जोडली ती अशी कीं अमिदेचीं पहिलीं तीन स्तवनें मिळून एकच समजावयाचीं. त्यांत चूक झाली, तर नव्या दूतानें अगदीं पहिल्यापासून सुरू करावें. शेवटच्या तिन्हींचेंहि तसेंच. त्या गटाच्या आरंभाकडे परत जावें. मधल्या स्तवनांपैकीं एखाद्यांत चूक झाली, तर तेवढ्याच एकाच्या आरंभीं. यांतला हेतु उघड आहे. एक वाक्य दोन मुखांनीं अर्धें-अर्धें म्हटलें जाऊं नये. आणि त्याच वेळीं पहिल्यानें नीट म्हटलेलें वायां गेलें असें ठरूं नये.

आढेवेढ्यांची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतों. एरव्हीं शिष्टाचार याच्या अगदीं उलट आहे. एखाद्याला पुढें येण्याची विनंति केली, तर त्यानें प्रथम नाहीं म्हणावें, दुसऱ्यांदा सांगितल्यावर थोडी चुळबुळ करावी आणि तिसऱ्यांदा मात्र पाय लांबवून चालूं लागावें, असें तालमूद सांगतो. मुळींच नाहीं न म्हणणारा हा अळणी कालवणासारखा, आणि फारच नाहीं-नाहीं म्हणणारा हा खारट झालेल्या कालवणासारखा, अशी त्याची उपमा आहे. पण प्रार्थना मध्येंच अडली असतां हा सगळा विनय बाजूला ठेवावयाचा. समोर एक मनुष्य लाजेनें उभा आहे, लोक ताटकळले आहेत. अशा वेळीं आपल्या नम्रतेचें प्रदर्शन करणें हा एक प्रकारचा अहंकारच होय.

चूक झाली म्हणून कोणाला खालीं उतरवावें, आणि कोणाला उतरवूं नये, याविषयीं तालमूदमधली एक कथा फार बोलकी आहे. इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीस यावने येथें रब्बान गमलिएल यांच्या अध्यक्षतेखालीं पंडितांचें विद्यापीठ होतें. अमिदेमध्यें पाखंड्यांविरुद्ध एक नवें स्तवन घालावयाचें ठरलें, आणि तें रचण्याचें काम शमुएल हाकातान, म्हणजे धाकटा शमुएल, या पंडितानें केलें. दुसऱ्या वर्षीं तोच दूत म्हणून उभा असतांना नेमकें तेंच स्तवन विसरला. दोन-तीन तास तो आठवीत राहिला. पण त्याला कोणी खालीं उतरविलें नाहीं. आतां नियम असा होता कीं इतर स्तवनांत चुकणाऱ्याला काढूं नये, पण या एका स्तवनांत चुकणाऱ्याला काढावें. कारण तो स्वतःच पाखंडी असेल आणि आपल्यावरचा शाप उच्चारण्यास कचरत असेल, असा संशय घेण्यास जागा असते. मग शमुएलला कां काढलें नाहीं? कारण तें स्तवन त्यानेंच रचलेलें होतें. ज्याच्या निष्ठेविषयीं शंका नाहीं, त्याच्या विस्मृतीला शिक्षा नाहीं. दोन-तीन तास एखाद्या सभेनें स्तब्ध बसून राहणें ही सोपी गोष्ट नव्हे; पण त्या सभेनें एका मनुष्याच्या अब्रूपुढें आपल्या वेळेची किंमत कमी लेखली.

कायमच्या हज्जानाविषयींहि हीच वृत्ति आढळते. सोळाव्या शतकांत सफेद येथें राहणाऱ्या योसेफ कारो यांनीं ‘शुल्हान आरूख’ हा आचारग्रंथ रचला, आणि क्राकोच्या मोशे इस्सेर्लेस यांनीं त्याला अश्कनाझी रूढींची टिपणें जोडलीं. त्यांत असें सांगितलें आहे कीं कांहीं खरा दोष सांपडल्यावांचून हज्जानाला त्याच्या कामावरून दूर करूं नये. हज्जान वृद्ध झाला आणि मधूनमधून आपल्या मुलाची मदत घ्यावी असें त्याला वाटलें, तर मुलाचा आवाज बापाइतका गोड नसला, तरी इतर बाबतींत तो योग्य असल्यास त्याचा हक्क पहिला. लोकांनीं हरकत घेऊं नये. पण याच ग्रंथाची दुसरी बाजूहि आहे. नेमणुकीच्या वेळीं एका मनुष्याचीसुद्धां हरकत ऐकली जाते; मात्र, इस्सेर्लेस म्हणतात त्याप्रमाणें, तिला सबळ कारण पाहिजे. आणि जो बळजबरीनें किंवा दांडगाईनें पुढें जाऊन उभा राहतो, त्याच्या प्रार्थनेला लोकांनीं ‘आमेन’ म्हणूं नये. याहून परिणामकारक निषेध कोणता? कोणी त्याला हात धरून ओढीत नाहीं कीं आरडाओरड करीत नाहीं. तो म्हणत राहतो आणि सभा गप्प बसते. ज्यांचा तो दूत, त्यांनींच त्याला पाठविलेला नाहीं, हें त्या मौनानें जाहीर होतें.

या अदलाबदलीचा सर्वांत हृदयस्पर्शी प्रकार मृतांच्या वारसांशीं निगडित आहे. आई किंवा बाप वारल्यावर मुलानें अकरा महिने रोज कद्दिश म्हणावा, अशी अश्कनाझी रूढि आहे. पातक्याची शिक्षा बारा महिन्यांची समजतात. आपले आईबाप पातकी होते असें मुलाच्या वागण्यावरून दिसूं नये, म्हणून एक महिना कमी. पण मुळांत हा पोरक्यांचा कद्दिश लहान मुलांसाठीं होता, कारण त्यांना दूत होतां येत नाहीं. प्रौढ मुलानें स्वतः दूत होऊन समाजाची प्रार्थना चालवावी, हें त्याहून श्रेष्ठ मानलें आहे. म्हणून कामकाजाच्या दिवशीं दूताच्या जागेवर पहिला हक्क शोक करणाऱ्याचा. शब्बाथ व सणाच्या दिवशीं मात्र तो मागें राहतो. त्या दिवशीं शोकाला पुढें आणावयाचें नसतें.

एकाच वेळीं दोघे-तिघे शोकांत असले म्हणजे पेंच पडतो. सात दिवसांच्या सुतकांतला सामान्यतः पहिला, मग तीस दिवसांच्या आंतला, मग ज्याच्या आईबापांची वार्षिक तिथि आहे तो, आणि मग बाकीचे, असा क्रम लावतात. हक्क सारखे असले, तर वांटणी करतात, नाहीं तर चिठ्ठ्या टाकतात. वांटणीची जागा ठरलेली आहे. एकानें अमिदा संपेपर्यंत चालवावें. आणि नंतर ‘अश्रे’ या शब्दानें सुरू होणाऱ्या स्तोत्रापासून दुसऱ्यानें पुढचा भाग घ्यावा. ज्याला सगळी प्रार्थना चालविण्याइतकें हिब्रू येत नाहीं, त्यालाहि हा शेवटचा लहानसा भाग पुष्कळदां देतात. रोज सकाळीं त्या एका शब्दाशीं दोन शोकाकुल मनुष्यें एकमेकांजवळून जातात. एक जागेवर परत येतो, दुसरा पुढें जातो. आणि दोघांच्याहि आईबापांचें स्मरण त्या दिवशींच्या प्रार्थनेंत सामावतें.

जागेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. दूत ‘पेटीसमोर उतरतो’ असा जुना वाक्प्रचार आहे. प्रार्थना उंचावर उभें राहून करूं नये, सखल जागीं उभें राहून करावी, असें तालमूदचें मत आहे. त्यामुळें अनेक जुन्या युरोपीय मंदिरांत दूताची जागा आजूबाजूच्या फरशीहून एक पायरी खालीं केलेली आढळते. उलट सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडील परंपरेच्या मंदिरांत, आणि आपल्या इकडच्याहि मंदिरांत, तो मध्यभागींच्या ‘तेबा’ नांवाच्या कठड्याच्या ओट्यावर, लोकांच्या मधोमध उभा राहतो. शुक्रवारच्या संध्याकाळीं अश्कनाझी मंदिरांत एक मजेदार हालचाल दिसते. शब्बाथचें स्वागत करणारीं स्तोत्रें सोळाव्या शतकांत सफेदच्या गूढवाद्यांनीं प्रचारांत आणलीं. ती मूळच्या प्रार्थनेंतली गोष्ट नव्हे. म्हणून तीं म्हणविणारा मनुष्य पुष्कळ ठिकाणीं मुद्दाम दूताच्या जागीं न उभा राहतां मधल्या वाचनाच्या ओट्यावर उभा राहतो. तीं संपून मूळची सायंप्रार्थना सुरू झाली, कीं दूत आपल्या खऱ्या जागीं येतो. नवें कोणतें आणि जुनें कोणतें, हें अशा रीतीनें जागेवरून दाखविलें जातें.

आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशीं संबंध बेने इस्राएल समाजामुळें येतो. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ नांवानें ओळखले गेलेले हे मराठीभाषी यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणें कित्येक शतकें त्यांच्यापाशीं हिब्रू प्रार्थनांपैकीं एकटा ‘शमा’ तेवढा उरला होता, आणि तोच ते सर्व प्रसंगीं म्हणत. पुढें दाविद रहाबी नांवाच्या परदेशी यहुद्यानें तिघां जणांना शिकवून ‘काजी’ केलें. झिराडकर, राजपूरकर व शापूरकर हीं त्यांचीं घराणीं, असें सांगतात. मुंबईंतलें त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ मध्यें सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युएल इझीकेल दिवेकर, यांनीं बांधलें. ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार, हें त्याचें नांव. लोक त्याला जुनी मशीद म्हणत.

मंदिर झालें, तरी सबंध हिब्रू प्रार्थना चालविणारे लोक हवे होते. एकोणिसाव्या शतकांत कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनीं ती उणीव भरून काढली. शेलोमो सालेम शुर्राबी यांचें नांव त्यांत आदरानें घेतलें जातें. ते हज्जान होते आणि १८५६ मध्यें वारले. हज्जानाच्या जोडीला मंदिराचे जे अधिकारी असत, त्यांचीं नांवें आपल्या गांवगाड्याची आठवण करून देतात : मुकादम, चौगुले, खजिन्याचा गब्बाय, आणि मंदिराची देखभाल करणारा समाश. योसेफ इझीकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें प्रसिद्ध केलीं, तेव्हां दूत काय म्हणतो हें बाकावर बसलेल्या मराठी मनुष्यालाहि अक्षरशः कळूं लागलें. ज्या समाजांत एके काळीं सर्वांनाच एक वचन येत होतें आणि त्यापलीकडचें कोणालाच येत नव्हतें, त्यांतून दोन-तीन पिढ्यांत प्रार्थना चालविणारे पुरुष तयार झाले. वर्षाच्या उपासनेंतल्या ज्या दिवसाचें वर्णन मघां केलें, त्या योम किप्पूरला हा समाज ‘दारफाळणीचा सण’ म्हणत असे. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलमध्यें जाऊन राहिलीं. तरी मुंबई, ठाणें व रायगड येथें त्यांचीं मंदिरें अद्याप उभीं आहेत.

विसाव्या शतकांत दूत कोण होऊं शकतो, या जुन्या प्रश्नाला नवें वळण लागलें. सनातनी पंथांत हा अधिकार आजहि पुरुषांपुरताच आहे. अमेरिकेंतील सुधारक पंथानें १९७५ मध्यें बार्बरा ऑस्टफेल्ड या स्त्रीला हज्जानाची दीक्षा दिली. मध्यममार्गी पंथाच्या न्यूयॉर्क येथील विद्यापीठानें १९८७ मध्यें तोच मार्ग स्वीकारला. यापेक्षां आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक उद्बोधक प्रयोग जेरुसलेममध्यें झाला. तेथील ‘शिरा हदाशा’ या २००२ च्या सुमारास निघालेल्या मंडळीनें जुन्या शास्त्राचाच आधार घेतला. शब्बाथच्या स्वागताचीं स्तोत्रें व सकाळचा स्तोत्रपाठ हे भाग मुख्य प्रार्थनेंत मोडत नाहींत. मग ते स्त्रीनें चालवावयास हरकत काय? म्हणून तेथें शुक्रवारीं संध्याकाळीं स्त्री आरंभ करते, आणि मूळची सायंप्रार्थना सुरू होतांच पुरुष पुढें येतो. बहुसंख्य सनातनी पंडितांना ही व्यवस्था मान्य नाहीं. परंतु वाद घालणारे दोन्ही पक्ष ज्या रेषेविषयीं बोलत आहेत, ती रेषा एकच आहे : एक दूत बसतो आणि दुसरा उठतो ती.

शेवटीं त्या अगदीं साध्या क्षणाकडे पुन्हां वळूं. आपलें काम संपवून दूत जागेवर परत येतो, तेव्हां शेजारचे लोक त्याचा हात हातांत घेतात. अश्कनाझी ‘यशर कोअह’ म्हणतात, म्हणजे तुझें बळ कायम राहो. सेफार्दी ‘हज्जाक उबारूख’ म्हणतात, म्हणजे बळकट हो आणि आशीर्वादित हो. मग तो आपलें पुस्तक उघडून दुसऱ्याच्या आवाजाला इतरांबरोबर ‘आमेन’ म्हणूं लागतो. घटकेपूर्वीं सर्वांच्या वतीनें बोलणारा तो आतां सर्वांपैकीं एक झालेला असतो. आपणांपैकीं कोणास मुंबईंत किंवा अलिबागकडे एखाद्या यहुदी मंदिरांत पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला, तर शब्द कळले नाहींत तरी हरकत नाहीं. आवाज कोठें बदलला, आणि बदलल्यावर पहिला मनुष्य कोठें जाऊन बसला, एवढ्याकडे अवश्य लक्ष द्यावें.